म्हात्रेबाईंच्या नावाचा गोल

ज्या दिवशी दत्तात्रेय म्हात्र्यांची बायको गेली, त्या दिवशी ते पेणच्या एसटी डेपोत पासाच्या खिडकीपाशी भांडत होते. निवृत्त कंडक्टरला आणि त्याच्या बायकोला मिळून प्रवासाचा पास मिळतो, त्यावर दोघांचे फोटो लागतात. खिडकीतला पोरगा म्हणत होता, "काका, काकूंचा फोटो जुना हाय. आत्ताचा आणा." दत्तात्रेय म्हणत होते, "बायको तीच आहे." या मुद्द्यावर रांग अडून राहिली असताना फोन वाजला.

शाळेचा शिपाई बोलत होता. "भाऊ, बाईंना जरा लागलंय. काळजीचं काय नाय." तो ठेवतात तोवर एका मास्तरांचा आला. काळजीचं कारण नाही, फक्त निघा. मग मुख्याध्यापकांचा. अजिबात काळजी करू नका, आम्ही सगळे दवाखान्यातच आहोत, आणि हो, तुमच्या मुलीला रोह्याहून बोलावून घेतलंय. एवढ्या लोकांनी काळजी करू नका म्हटल्यावर माणसाने रिक्षाच करावी. दत्तात्रेयांनी केली.

दवाखान्याच्या दारात गर्दी होती. सगळं गाव आलं होतं. दत्तात्रेयांनी जन्मभर भरलेल्या गाडीत "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून घसा फोडला होता आणि कोणी कधी वीतभर सरकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तोंडही उघडलं नाही, तरी गर्दी आपोआप दोन बाजूंना सरली आणि दारापर्यंत वाट मोकळी झाली. तेव्हाच त्यांना कळलं.

झालं होतं ते असं. चंद्रावती म्हात्रे पेणजवळ कासूच्या पुढे खाडीकडच्या एका गावातल्या शाळेत मराठी शिकवत. खेळाचा तास दुसऱ्या कोणाला नको होता, म्हणून तोही त्यांच्याकडे होता. मैदानावर फुटबॉलचे दोन लोखंडी गोल होते, कोणा पुढाऱ्याने निवडणुकीआधी दिलेले. न रोवता नुसते ठेवलेले. मधल्या सुट्टीत एक पोरगी वरच्या दांड्याला लटकली, झोका घेतला, आणि सगळा गोल तोंडावर यायला लागला. बाई धावल्या. पोरीला त्यांनी ढकललं. पोरीचं ढोपर खरचटलं. दांडा बाईंच्या डोक्यावर आला.

एवढंच. यात समजायला अवघड काही नाही, असं दत्तात्रेयांना वाटत होतं. पण अवघड नसलेली गोष्ट समजून घेणं लोकांना किती जड जातं, हे पुढच्या वर्षभरात त्यांनी पाहिलं.

शोकसभा शाळेच्या मैदानावर झाली. शाळा समितीचे अध्यक्ष हैबतराव हे मनाने वाईट गृहस्थ नव्हते, पण कार्यक्रम म्हटला की त्यांना दुसरं काही दिसत नसे. बारसं असो की तेरावं, त्यांना फ्लेक्स लागे. बाईंचा हसरा फोटो, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली", आणि त्याखाली बाईंपेक्षा मोठा हैबतरावांचा फोटो, असा फ्लेक्स आला. तो बांधायला दोन खांब हवे होते. मैदानावर दोन खांब तयारच उभे होते.

तोच गोल होता.

दत्तात्रेय पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खाडीवरून वारा सुटला. फ्लेक्स शिडासारखा फुगला आणि गोलाचे मागचे पाय जमिनीवरून उचलले, टेकले, पुन्हा उचलले. फ्लेक्ससमोर चौथीची पोरं श्रद्धांजलीचं गाणं म्हणत उभी होती. दत्तात्रेय उठले आणि धावत जाऊन मागच्या दांड्यावर उभे राहिले. लोकांना वाटलं, भाऊंचा बांध फुटला. दोन दांडग्यांनी त्यांना धरून खुर्चीवर आणलं. "सावरा भाऊ, सावरा." ते म्हणाले, "अरे, गोल पडतोय." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ते पुन्हा उठले, पुन्हा धरून आणले गेले. तिसऱ्या वेळी एकाने त्यांच्यासाठी लिंबू सरबत मागवलं. सुदैवाने वाराच पडला.

हैबतरावांनी भाषणाच्या शेवटी जाहीर केलं, की बाईंच्या नावे दरवर्षी फुटबॉल चषक भरवण्यात येईल. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या अर्ध्यावर थांबल्या.

"याच गोलात खेळवणार?" दत्तात्रेयांनी नंतर विचारलं.

"रंग देऊ ना," हैबतराव म्हणाले. "तिरंगी."

दत्तात्रेयांनी सांगितलं, सुरक्षित गोल येईपर्यंत चंद्रावतीच्या नावाने चेंडूला पाय लावू देणार नाही. हैबतरावांचा चेहरा उजळला. "मग तुम्हीच निवडा! बाईंच्या मिस्टरांनी निवडलेला गोल! फ्लेक्सवर टाकू." बाई नोकरीला लागल्यापासून त्या गावात दत्तात्रेयांना बाईंचे मिस्टर असंच नाव होतं. बाई गेल्या, नाव राहिलं.

लगोलग एक गोल निवड समिती नेमली गेली. तिच्यातल्या निम्म्या सभासदांचं तोंड दत्तात्रेयांना कधी दिसलं नाही. पैशाचा प्रश्न नव्हता. बाईंचे जुने विद्यार्थी कंपन्यांत लागले होते, त्यांनी ते पाहिलं. प्रश्न सल्ल्यांचा होता.

पेणला शेजारच्या गिरजाबाई पापड लाटता लाटता म्हणाल्या, "भाऊजी, आधी मैदानाची शांत करा. जागाच वाईट हाय."

"वहिनी, जागा चांगली आहे. गोल वाईट आहे."

"मग गोलाची शांत करा."

मुख्याध्यापकांनी स्वतःच्या अधिकारात एक उपाय तातडीने केला. "येथे लटकू नये" अशी पाटी करून ती वरच्या दांड्याला टांगली. अक्षरं बारीक होती. लहान पोरं ती वाचायला दांड्याला लटकू लागली.

गावातले गुणाजी बाईंच्याच वयाचे, खाडीकाठी भात लावणारे. त्यांचं मत सगळ्या गावाचं मत होतं. "भाऊ, जड घ्या. चांगलं जाडजूड. जड वस्तू हलत नाय."

"गुणाजी, गोल जड होता म्हणूनच गेली ना ती."

"आता आनखी जड घ्या, मंजे पडणारच नाय."

 दत्तात्रेयांनी एक दोरी घेतली. कंडक्टरच्या हाताला घंटीच्या दोरीची सवय असते. एक टोला थांब, दोन टोले चल. ते जिथे गोल दिसेल तिथे वरच्या दांड्याला दोरी अडकवून पुढे ओढून बघू लागले. वडखळच्या नाक्यापासून नागोठण्यापर्यंत मैदानांवर जेवढे गोल होते तेवढे त्यांनी ओढले. लोक लांबून बघत. मग पेणमध्ये पसरलं की म्हात्रेबाईंच्या मिस्टरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, ते गोलांशी रस्सीखेच खेळतात.

रोह्याजवळच्या वरसे गावात त्यांची मुलगी नम्रता दिलेली. जावई साहिल कंपनीत शिफ्ट करायचा आणि संध्याकाळी क्लबच्या पोरांना फुटबॉल शिकवायचा. नात मृणाली त्याच क्लबात गोलकीपर होती. दत्तात्रेय पोचले तेव्हा सराव चालू होता. त्यांनी आधी नातीला गोलातून बाहेर बोलावलं, चॉकलेट दिलं, मग पिशवीतून दोरी काढली. साहिल "पप्पा, थांबा, पप्पा," म्हणत येईपर्यंत त्यांनी दोन टोले दिले. गोल अंग टाकून दिल्यासारखा तोंडावर आला.

 पोरांच्या आईबापांनी साहिलकडे बघितलं.

 घरी भाकरी टाकून झाल्यावर नम्रता बोलली. "बाबा, माझ्या सासरी येऊन गोल पाडता? त्यांना किती वाईट वाटलं असेल?"

"नम्रता, मृणाली त्याच्याखाली उभी राहते."

"तुम्ही सांगायचं ना नुसतं."

"सांगून कोण ऐकतं? तुझी आई हेडमास्तरांना सांगत होती. गोल हलतो म्हणून. चार वेळा तरी माझ्यासमोर फोन केला तिने."

नम्रतेने परात उचलली आणि उगाचच पुन्हा धुतली. साहिल जेवणावरून उठला, हात धुतला आणि म्हणाला, "पप्पा, उद्या सकाळी माझ्याबरोबर या. खुंट्या ठोकायला माणूस लागेल." त्याच्याबद्दल दत्तात्रेयांनी लग्नात नाराजी दाखवली होती, ती त्या दिवशी त्यांनी मागे घेतली. मनातल्या मनात, अर्थात. जावयाला तोंडावर चांगलं म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

शेवटी पनवेलच्या एका दुकानात गोल ठरले. ॲल्युमिनियमचे, पुढून हलके. वरचा दांडा मुलाच्या अंगावर आलाच तर जीव जाऊ नये इतका हलका. जाळीला लोखंडी आकडे नाहीत, प्लास्टिकच्या चिमट्या. मागे जमिनीवर रुंद दांडा, आणि सगळं वजन त्या मागच्या दांड्यावर. दुकानदार म्हणाला, एकतर जमिनीत पक्के रोवा, नाहीतर मागे वजन टाका, आणि खेळून झालं की पालथे पाडून साखळीने बांधून ठेवा.

जमिनीत रोवायचं तर मैदान खणायला परवानगी हवी. ग्रामपंचायत म्हणाली, मैदान शाळेचं. शाळा म्हणाली, मैदान पंचायतीचं, आम्ही फक्त खेळतो. एका कार्यालयात सांगितलं, की हद्द खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधापर्यंत जाते, तेव्हा बांधवाल्या खात्याचा ना हरकत दाखला आणा. बांधवाल्या खात्यातले साहेब म्हणाले, आमची हरकत नाही, पण हरकत नाही असं लिहून द्यायला आमची हरकत आहे. या सगळ्याला पावसाळा उलटला. अखेर एका सकाळी दत्तात्रेयांनी परवानगीविना स्वतःच खड्डा खणला. गुडघाभर गेल्यावर खालून खारं पाणी आलं आणि कडा ढासळून खड्डा भरून गेला. खाडीच्या जमिनीत काँक्रीट धरत नाही हे कोणत्याच कार्यालयाला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून सांगायचं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

म्हणून रेतीच्या गोण्या ठरल्या. समितीने तसा ठराव केला. रेती परवान्याशिवाय मिळत नाही, परवाना मिळेपर्यंत दसरा झाला. पण मिळाली. दोन्ही गोलांच्या मागच्या दांड्यांवर गोण्या नीट एकावर एक रचून बांधल्या. दत्तात्रेयांनी दोरी लावून ओढून बघितलं. एक टोला. दोन टोले. मग पाय रोवून, दात खाऊन ओढलं. गोल जागचा हलला नाही. ते तिथेच गवतात बसले आणि बराच वेळ बसून राहिले. बाई गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच भूक लागल्यासारखं वाटलं.

चषकाची तारीख पडली. कोजागिरीनंतरचा रविवार.

कोजागिरीला उधाण येतं. त्या वर्षी भर दुपारी भरतीचं पाणी चढलं आणि गावाच्या उत्तरेला बांधाला खांड गेली, भलंमोठं भगदाड पडलं. भात कापायला आलेलं होतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते पीक गेलंच, पण पुढची काही वर्षंही गेली. अशा वेळी त्या गावात एक रीत आहे, कोणी केलेली नाही आणि कोणी मोडत नाही. बांध फुटला की गावातली प्रत्येक वस्तू बांधाची. दार, खाट, गोणी, कोणाचीही असो, विचारायचं नसतं. दत्तात्रेय त्या दिवशी मैदानाची आखणी करायला आले होते. हाकाटी झाली. बघतात तर गुणाजी गोण्या बांधलेल्या दोऱ्या कोयत्याने सपासप तोडतायत आणि माणसं गोण्या खांद्यावर टाकून पळतायत.

"गुणाजी!"

"भाऊ, बोलायला येळ नाय. उचला!"

दत्तात्रेयांचं बालपण अशाच एका गावात गेलं होतं. त्यांच्या बापाने घराचं दार बांधात घातलं होतं. ते क्षणभर गोलाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मागच्या दांड्यावरची शेवटची गोणी खांद्यावर घेतली आणि चिखलात धावले. संध्याकाळी ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली होती. भात वाचलं. गुणाजीच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला. दत्तात्रेयांनी तो घेतला आणि चंद्रावतीच्या गोलावरचं सगळं वजन खाडीच्या चिखलात गेलेलं बघितलं. रागवायला कोणी सापडेना. हेच त्यांना जास्त लागलं.

"गोण्या गेल्या," त्यांनी हैबतरावांना फोन केला. "चषक पुढे ढकला. किंवा दुसऱ्या गोण्या मातीने भरा."

"ठरावात रेती हाय," हैबतराव म्हणाले. "मातीसाठी नवी सभा लावावी लागंल. पन तुमी काळजी करू नका. वजनच पायजे ना? मी करतो वजनाची सोय."

काळजी करू नका म्हटल्यावर काय होतं ते दत्तात्रेयांना माहीत होतं. रविवारी ते पहाटेच निघणार होते, पण नम्रतेला आणि मृणालीला घेऊन येणारी रोह्याची गाडी उशिरा आली. मैदानावर पोचले तेव्हा मांडव भरला होता, चषक टेबलावर होता, आणि एका नव्या गोलाच्या पुढच्या, वरच्या दांड्यावर मधोमध लाल कापडाखाली काहीतरी चौकोनी टांगलेलं होतं. लाल कापडातून एक दोरी खाली आली होती.

"ते काय आहे?"

"ग्रॅनाइट!" हैबतराव म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "बाईंच्या नावाचा दगूड. सोनेरी अक्षरं. चांगला जड घेतला. तुमी अनावरण करायचं."

दत्तात्रेयांनी मागच्या दांड्याकडे पाहिलं. तो गवतावर नुसता टेकला होता, उघडा. वर्षभर पायपीट करून त्यांनी जगातला सगळ्यात सुरक्षित गोल निवडला होता, आणि सगळं वजन नेमकं जिथे असू नये तिथे आता टांगलं होतं. त्यावर चंद्रावतीचं नाव होतं. गोलाखाली दोन्ही संघांची पोरं रांगेत उभी होती, पाहुण्यांशी हात मिळवायला.

त्यांनी माइक घेतला. "सगळ्यांनी मागे व्हा."

कोणी हललं नाही. लोकांना वाटलं, आता ते भाषण करणार. फोटोवाला पुढे सरकला.

"मागे सरका. मागे सरका म्हणतो ना!" तीस वर्षं घासलेला आवाज. तीस वर्षांसारखंच कोणी सरकलं नाही.

तेव्हा मृणाली पळत गेली आणि रेफ्रीच्या गळ्यातली शिट्टी ओढून आजोबांकडे आणून दिली. दत्तात्रेयांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. माणसं भाषणाला हलली नसती, पण खेळणारी पोरं शिट्टीला हलतात. दोन्ही संघ मध्यरेषेपर्यंत पळाले, त्यांच्यामागे पाहुणे, त्यांच्यामागे नारळ घेतलेला शिपाई.

मग दत्तात्रेयांनी अनावरणाची दोरी हातात घेतली, लांब गेले, आणि ओढली. एक टोला. कापड सुटलं नाही, ते गाठ मारून बांधलं होतं. दोन टोले.

गोल वाकला, मान टाकली, आणि रिकाम्या गवतावर तोंडावर आला. दगड खाली पडून फुटला. फट म्हात्रे आणि चंद्रावती यांच्या मधून गेली.

 मग हैबतराव हळू आवाजात म्हणाले, "दोरी जरा हलूच वडायची हुती, भाऊ."

त्या दिवशी चषक झाला नाही. गावात दोन मतं पडली. एक, बाईंच्या मिस्टरांना दुःख सहन होत नाही, त्यांनी स्वतःच्या बायकोच्या नावाचा दगड फोडला. दुसरं, गोल हलक्या प्रतीचा निवडला, आधीच जड घ्यायला हवा होता. गुणाजी दुसऱ्या मताचे. तिसरं मत एकट्या नम्रतेचं होतं. ती फुटलेल्या दगडापाशी उकिडवी बसली, सोनेरी अक्षरांवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, आईला हा दगड आवडला नसता." आणि हसली. आईसारखी, नाकाने. दत्तात्रेयांना त्या हसण्याने जेवढं रडू आलं तेवढं शोकसभेतही आलं नव्हतं. दोन दांडगे लगेच पुढे आले. "सावरा भाऊ." दत्तात्रेयांनी हाताने त्यांना लांब राहायला सांगितलं.

पोरांनी मिळून दुसरा गोलही हळूच पालथा पाडला. दत्तात्रेयांनी दोन्ही गोल साखळीने बांधले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. हैबतराव आता रेतीच्या नव्या परवान्यामागे आहेत, आणि नव्या दगडामागेही. बांध पक्का आहे. भात कापून झालं.

वरशाच्या क्लबाचे गोल साहिलने खुंट्या ठोकून पक्के केले आहेत, दत्तात्रेय दर रविवारी जाऊन ओढून येतात. शाळेचे दोन्ही गोल मैदानावर पालथे पडून आहेत. मागच्या दांड्यावर वजन टाकायचं अजून राहिलं आहे.